शिरूर-दौंडमधल्या भाड्याच्या खोल्या विकताय? १२.५ टक्के की २० टक्के, कर नेमका कशाने कमी होतो?

शिरूर तालुक्यातलं रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी असो की दौंड तालुक्यातलं कुरकुंभ, एक चित्र सगळीकडे सारखं दिसतं. शेताच्या कडेला एका ओळीत बांधलेल्या आठ-दहा खोल्या, समोर पाण्याची टाकी आणि दारात उभ्या असलेल्या कामगारांच्या दुचाकी. एमआयडीसी आली, कामासाठी बाहेरून माणसं आली आणि शेतकरी कुटुंबांनी जमेल तशा खोल्या बांधल्या. अनेक घरांचा महिन्याचा खर्च आजही याच भाड्यावर चालतो.

पण पुढच्या पिढीचं गणित वेगळं आहे. मुलं वाघोली, खराडी, हडपसरला नोकरी करतात. भाडं गोळा करायला, मोटार दुरुस्त करायला, भाडेकरूंची पोलिसांकडे नोंद करायला कुणाला वेळ नसतो. मग घरात विषय निघतो: खोल्या विकून टाकू आणि पुण्यात फ्लॅट घेऊ. गिऱ्हाईक मिळतं, भाव ठरतो, इसार होतो. कराचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा खरेदीखत झाल्यावर, विवरणपत्र भरायच्या वेळी पुढे येतो. तोपर्यंत कर कमी करण्याचे निम्मे मार्ग बंद झालेले असतात.

हा कर म्हणजे भांडवली नफ्यावरचा कर, अर्थात कॅपिटल गेन टॅक्स. २०२४ मध्ये त्याचे नियम बदलले आणि त्यानंतर एकाच तालुक्यातल्या दोन घरमालकांसाठी फायद्याचा पर्याय वेगवेगळा असू शकतो. तो कसा, ते समजून घेऊ.

जुलै २०२४ मध्ये काय बदललं?

त्याआधी नियम असा होता. घर, जमीन किंवा इमारत २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल, तर विक्रीतला नफा 'दीर्घकालीन' ठरायचा आणि त्यावर २० टक्के कर लागायचा. पण नफा मोजताना तुमची जुनी खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरली जायची. यालाच इंडेक्सेशन म्हणतात.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दर १२.५ टक्क्यांवर आणला, पण इंडेक्सेशन काढून टाकलं. त्यावर देशभरातून नाराजी आली. जुनं घर विकणाऱ्यांचं म्हणणं होतं की दर कमी झाला तरी करपात्र नफा फुगला. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने वित्त विधेयकात दुरुस्ती केली. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना दोन्ही पद्धतींनी हिशोब करून ज्यात कर कमी, तो भरण्याची मुभा मिळाली.

ही मुभा परदेशात स्थायिक झालेल्या अनिवासी मालकांना नाही. २३ जुलै २०२४ ला किंवा त्यानंतर घेतलेल्या मालमत्तेलाही नाही. त्यांच्यासाठी १२.५ टक्के हा एकच दर आहे. आणि २४ महिने पूर्ण व्हायच्या आत विकलं, तर नफा सरळ तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जुन्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण इथे सांगितलेल्या सवलतींचा गाभा तोच आहे. लोकांच्या तोंडी जुनेच क्रमांक असल्याने पुढे तेच वापरले आहेत.

नफा म्हणजे नेमकी कोणती रक्कम?

खोल्या ९० लाखांना विकल्या म्हणजे ९० लाखांवर कर, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. विक्री किमतीतून तीन गोष्टी वजा होतात.

• मूळ खरेदी किंमत. त्यात तेव्हा भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीसुद्धा येते.
• बांधकामाचा आणि नंतरच्या मोठ्या सुधारणांचा खर्च. नवीन मजला, नवा स्लॅब, बोअरवेल वगैरे. रंगरंगोटी आणि नळदुरुस्ती यात धरत नाहीत.
• विक्रीसाठी झालेला खर्च, म्हणजे एजंटची दलाली आणि वकिलाची फी.

खरी अडचण दुसऱ्या मुद्द्यात आहे. या भागातल्या खोल्या बहुतेक वेळा टप्प्याटप्प्याने बांधल्या गेल्या. ऊसाचं बिल आलं की दोन खोल्या, पुढच्या वर्षी आणखी दोन. वाळू, सिमेंट, गवंडी, सगळं रोखीत. बिलं कुणी ठेवली नाहीत. आयकर अधिकाऱ्याने विचारलं आणि खर्चाचा पुरावा दाखवता आला नाही, तर तो खर्च नाकारला जाऊ शकतो. मग कर जास्त बसतो.

पुरावा म्हणून सिमेंट-स्टीलची बिलं, बँकेतून केलेलं पेमेंट, गृहकर्जाची कागदपत्रं, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेच्या कर आकारणी नोंदवहीत बांधकामाची नोंद कधी झाली त्याचा उतारा, वीज मीटर बसवल्याची तारीख, नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल, असं बरंच काही गोळा करता येतं. एकट्या कागदाने काम होईलच असं नाही, पण सगळे मिळून बांधकामाचं वर्ष आणि अंदाजे खर्च उभा करतात.

एक जुनी सवयही इथे अंगाशी येते. पूर्वी जागा घेताना मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी अनेकांनी दस्तात किंमत कमी दाखवली. आता विकताना तीच कमी किंमत 'खरेदी किंमत' म्हणून धरली जाते. तेव्हा वाचवलेले काही हजार आज करापोटी लाखांत जातात.

१२.५ टक्के की २० टक्के? दोन घरांचा हिशोब

खालची दोन्ही उदाहरणं काल्पनिक आहेत आणि आकडे बाजारभाव सांगत नाहीत. विक्री २०२५-२६ या आर्थिक वर्षातली धरली आहे. त्या वर्षाचा महागाई निर्देशांक ३७६ आहे.

पहिलं उदाहरण रांजणगाव एमआयडीसीजवळचं. समजा, २०१०-११ मध्ये जागा आणि खोल्या मिळून १५ लाख खर्च झाला. विक्री झाली ९० लाखांना.

• १२.५ टक्क्यांनी: नफा ७५ लाख, कर सुमारे ९ लाख ३८ हजार.
• २० टक्क्यांनी: २०१०-११ चा निर्देशांक १६७. त्यानुसार १५ लाखांची किंमत वाढून सुमारे ३३ लाख ७७ हजार होते. नफा ५६ लाख २३ हजार, कर सुमारे ११ लाख २५ हजार.

इथे १२.५ टक्क्यांत जवळपास १ लाख ८७ हजार वाचतात.

दुसरं उदाहरण दौंड शहरातल्या फ्लॅटचं. समजा, २०१५-१६ मध्ये २० लाखांना घेतला, भाड्याने दिला आणि ३२ लाखांना विकला.

• १२.५ टक्क्यांनी: नफा १२ लाख, कर दीड लाख.
• २० टक्क्यांनी: २०१५-१६ चा निर्देशांक २५४. खरेदी किंमत वाढून सुमारे २९ लाख ६१ हजार होते. नफा फक्त २ लाख ३९ हजार, कर सुमारे ४८ हजार.

इथे २० टक्क्यांचा दर दिसायला मोठा असला तरी १ लाखाहून जास्त रक्कम वाचते. (दोन्ही उदाहरणांत ४ टक्के उपकर वेगळा.)

म्हणजे कारखानदारीमुळे जिथे जागेचा भाव झपाट्याने वाढला, तिथे १२.५ टक्के बरा. जिथे भाव महागाईच्या आसपासच वाढला, तिथे २० टक्के बरा. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे विक्री किंमत ही खरेदी किमतीच्या किती पट आहे ते पाहणं. २०२५-२६ मधल्या विक्रीसाठी ही सीमारेषा अशी येते:

• २००१-०२ मधली खरेदी: सुमारे ८.४ पट
• २००५-०६ मधली खरेदी: सुमारे ६.९ पट
• २०१०-११ मधली खरेदी: सुमारे ४.३ पट
• २०१५-१६ मधली खरेदी: सुमारे २.३ पट
• २०१८-१९ मधली खरेदी: सुमारे १.९ पट
• २०२०-२१ मधली खरेदी: सुमारे १.७ पट

तुमची पट या आकड्यापेक्षा जास्त असेल तर १२.५ टक्के फायद्याचा. कमी असेल तर २० टक्के. खर्च वेगवेगळ्या वर्षी झाला असेल तर प्रत्येक वर्षाच्या खर्चाला त्या-त्या वर्षाचा निर्देशांक लावून हिशोब करावा लागतो. म्हणूनच बांधकाम कोणत्या वर्षी झालं, हे सिद्ध करणारा कागद इतका महत्त्वाचा ठरतो.

वडिलांनी बांधलेलं घर असेल तर?

दौंड हे जुनं रेल्वे जंक्शन. शिरूर हे घोड नदीकाठचं जुनं बाजारपेठेचं गाव. दोन्हीकडे आजोबा-वडिलांच्या काळातली घरं पुढे भाड्याने दिलेली दिसतात. वारसाने घर मिळालं तेव्हा तुम्ही एक रुपयाही दिलेला नसतो. मग खरेदी किंमत शून्य धरायची का?

नाही. मूळ मालकाने दिलेली किंमत तुमची किंमत समजली जाते. त्याच्याकडे घर जितका काळ होतं, तो काळही तुमच्या २४ महिन्यांत मोजला जातो. इंडेक्सेशन वारसा मिळाल्यापासून नव्हे, तर मूळ मालकाकडे मालमत्ता आली त्या वर्षापासून मिळतं, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे.

घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल, तर त्या तारखेचं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येतं. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून ते काढून घ्यावं लागतं. मर्यादा एकच आहे: हे मूल्य त्या वेळच्या रेडी रेकनर दराने निघणाऱ्या किमतीपेक्षा जास्त धरता येत नाही. १९७० च्या दशकात काही हजारांत बांधलेल्या घराची किंमत अशी काही लाखांत धरता येते आणि नफा तेवढा कमी होतो.

खोल्या विकून घर घेतलं तर कर लागत नाही?

बरोबर, पण अटी आहेत. कलम ५४ नुसार राहण्यायोग्य घर विकून झालेला दीर्घकालीन नफा भारतातल्या दुसऱ्या घरात गुंतवला, तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. विकलेलं घर भाड्याने दिलेलं असलं तरी चालतं. तुम्ही स्वतः त्यात राहत असलंच पाहिजे, अशी अट नाही.

मुदती लक्षात ठेवा. नवं घर विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांत विकत घ्यायचं, किंवा विक्रीनंतर ३ वर्षांत बांधून पूर्ण करायचं. गुंतवायचा असतो तो नफा, सगळी विक्री किंमत नव्हे. वरच्या पहिल्या उदाहरणात ९० लाखांपैकी ७५ लाख घरात गेले की कर शून्य. उरलेले १५ लाख हातात.

इथे चार ठिकाणी लोक अडकतात.

पहिलं, नुसता प्लॉट घेऊन चालत नाही. प्लॉटवर ३ वर्षांत घर उभं राहिलं पाहिजे.

दुसरं, सवलत एका घरासाठी आहे. नफा २ कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदाच दोन घरं घेता येतात. दोन मुलांसाठी दोन फ्लॅट घ्यायचे असतील तर हा पर्याय उपयोगी आहे, पण तो पुन्हा मिळत नाही.

तिसरं, नवं घर कुणाच्या नावावर? विकणाऱ्याच्याच नावावर असणं सुरक्षित. मुलाच्या नावावर घेतलेल्या घरासाठी कलम ५४ एफची सवलत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नाकारल्याचं उदाहरण आहे. 'शेवटी त्यालाच द्यायचंय' हे कारण कायद्यात बसत नाही.

चौथं, नवं घर ३ वर्षांच्या आत विकलं तर मिळालेली सवलत परत जाते.

आणि विवरणपत्राची तारीख आली तरी घर सापडलं नाही तर? तर पैसे 'कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम' या खास खात्यात ठेवावे लागतात. सरकारने ठरवून दिलेल्या बँकांच्या शाखांतच हे खातं उघडतं, ग्रामीण म्हणून नोंद असलेल्या शाखांत नाही. त्यामुळे गावातल्या शाखेत आधीच चौकशी करून ठेवलेली बरी. पतसंस्थेतली ठेव किंवा साधी एफडी यासाठी चालत नाही. रक्कम साध्या बचत खात्यात पडून राहिली आणि तारीख उलटली, तर पुढे घर घेऊनही सवलतीसाठी भांडावं लागतं.

गाळा असेल किंवा शेती घ्यायची असेल तर?

या भागात 'खाली गाळे, वर खोल्या' अशी बांधकामं भरपूर आहेत. गाळा हे घर नाही, त्यामुळे त्याच्या नफ्याला कलम ५४ लागू होत नाही. त्यासाठी कलम ५४ एफ आहे आणि ते जास्त कडक आहे. पूर्ण सूट हवी असेल तर नुसता नफा नव्हे, खर्च वजा जाता आलेली सगळी विक्री रक्कम घरात घालावी लागते. कमी घातली तर सूट त्या प्रमाणात मिळते. शिवाय विक्रीच्या दिवशी नवं घर सोडून तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त घरं असतील, तर ही सवलत मिळतच नाही. म्हणून अशा इमारतीच्या दस्तात गाळे आणि खोल्या यांचं क्षेत्र आणि किंमत वेगळी दाखवणं महत्त्वाचं आहे.

दुसरा मोठा गैरसमज शेतीचा. 'खोल्या विकून शेती घेतली की कर नाही' असं पारावर सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. शेती घेऊन मिळणारी सूट कलम ५४ बी मध्ये आहे आणि ती शेतजमीन विकणाऱ्यालाच मिळते. खोल्या विकून शेती घेतली तर कर पूर्ण लागतो.

हा गैरसमज कुठून येतो, तेही समजण्यासारखं आहे. ग्रामीण भागातली शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही, तिच्या विक्रीवर हा कर लागत नाही. मात्र १० हजार ते १ लाख लोकसंख्येच्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या आतली जमीन यातून वगळली आहे. शिरूर आणि दौंड या दोन्ही नगरपरिषदा याच गटात येतात. पण शेताच्या ज्या तुकड्यावर खोल्या बांधून भाडं घेतलं जातं, त्या तुकड्याला शेतजमिनीचा फायदा सांगता येत नाही. सातबाऱ्यावर अजून पीक लागत असलं तरीही.

कर्ज फेडलं, मुलीचं लग्न केलं, आजारपणात पैसे गेले, या कारणांनीही कर कमी होत नाही.

घर नको असेल तर बॉण्ड

पुन्हा घर घेण्याची इच्छा नसलेल्यांसाठी कलम ५४ ईसीचे बॉण्ड आहेत. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांसारख्या सरकारी कंपन्या ते काढतात. विक्रीपासून ६ महिन्यांत पैसे गुंतवायचे, मर्यादा ५० लाख, आणि ५ वर्षं पैसे अडकतात. या काळात बॉण्ड विकता येत नाहीत की तारण ठेवून कर्ज काढता येत नाही. २०२५ मध्ये त्यांच्यावर ५.२५ टक्के व्याज मिळत होतं आणि ते व्याज करपात्र आहे.

मग परवडतं का? समजा, १२.५ टक्क्यांच्या दराने ५० लाख नफ्यावर उपकरासह साडेसहा लाख कर बसतो. कर भरून उरलेले ४३.५ लाख ६.७५ टक्के व्याजाच्या एफडीत ठेवले, तर ५ वर्षांनी सुमारे ६०.३ लाख होतात. ५० लाखांचे बॉण्ड घेतले आणि व्याजही त्याच दराने गुंतवत गेलं, तर सुमारे ६४.६ लाख. व्याजावरचा कर दोन्हीकडे लागेल. म्हणजे एफडीशी तुलना केली तर बॉण्ड पुढे राहतात. पण पैसे धंद्यात लावायचे असतील, मुलाच्या शिक्षणाला लागणार असतील किंवा डोक्यावर १२-१४ टक्क्यांचं कर्ज असेल, तर कर भरून मोकळं होणं जास्त शहाणपणाचं ठरू शकतं.

नावं किती, त्यावरही कर ठरतो

आयकर माणसाला लागतो, घराला नाही. एकाच भावाच्या नावावर ७५ लाख नफा आला तर त्याचं उत्पन्न ५० लाखांच्या वर जातं आणि करावर १० टक्के अधिभार बसतो. तोच नफा दोन खऱ्या सहमालकांत निम्मा-निम्मा असेल आणि दोघांचं एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत राहिलं, तर अधिभार नाही. बॉण्डची ५० लाखांची मर्यादाही प्रत्येकाला वेगळी मिळते.

आणखी एक बाब. ज्यांचं दुसरं करपात्र उत्पन्न नाही किंवा फारच कमी आहे, त्यांना मूळ सूट मर्यादेतला उरलेला भाग या नफ्यातून वजा करता येतो. नव्या करप्रणालीत ही मर्यादा २०२५-२६ पासून ४ लाख आहे. म्हणजे घरात बसलेल्या आईचा हिस्सा असेल तर तिच्या वाट्याच्या ४ लाखांवर कर नाही. पण '१२ लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त' हे सोशल मीडियावरचं वाक्य इथे लावू नका. नव्या प्रणालीतली ती सवलत भांडवली नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नाला मिळत नाही.

वारसाच्या घरात बहिणींचा हिस्सा हा यातला सगळ्यात नाजूक मुद्दा. विक्रीआधी बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची पद्धत आहे. कराच्या बाजूने पाहिलं तर त्यात भावाचाही तोटा होऊ शकतो. सगळा नफा त्याच्या एकट्याच्या नावावर येतो आणि बहिणीची सूट मर्यादा वाया जाते. नंतर त्याने बहिणीला काही रक्कम दिली, तरी ती त्याच्या नफ्यातून वजा होत नाही. बहिणीने सहमालक म्हणून विक्रीच्या दस्तावर सही केली, तर तिचा हिस्सा तिला मिळतो आणि त्यावरचा कर तिच्या हिशोबाने लागतो.

याचा अर्थ कर वाचवण्यापुरती कुणाचीही नावं घालता येतात, असा नाही. पत्नीच्या नावावर घर भेट दिलं आणि तिने विकलं, तर नफा पुन्हा पतीच्याच उत्पन्नात धरला जातो.

रेडी रेकनर आणि रोखीचा व्यवहार

व्यवहार कितीलाही झाला तरी कर विभाग रेडी रेकनरची किंमत बघतो. दस्तात ६० लाख लिहिले आणि रेडी रेकनरने ७० लाख निघत असतील, तर नफा ७० लाखांवर मोजला जातो. १० टक्क्यांपर्यंतचा फरक माफ असतो, म्हणजे इथे ६६ लाखांपर्यंत. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात रेडी रेकनरचे दर वाढले आहेत, त्यामुळे जुन्या अंदाजावर राहू नका. साठेखत आधी झालं असेल आणि तेव्हा काही रक्कम बँकेतून आली असेल, तर साठेखताच्या तारखेचा दर धरता येतो. इसार रोखीत घेतला तर ही सोय जाते.

शिवाय घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. मोठ्या दस्तांची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून आयकर विभागाकडे जाते. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराला १ टक्का टीडीएस कापावा लागतो. ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली का, ते पाहून घ्या. ती तुमच्या एकूण करातून वजा होते.

खरेदीखत करण्याआधी हे करा

१. मूळ खरेदीखत, सूची २, वारस नोंदीचा फेरफार आणि घरपट्टीचे जुने उतारे एकत्र करा. बांधकाम कोणत्या वर्षी झालं, ते लिहून काढा.
२. १२.५ आणि २० टक्के, दोन्ही पद्धतींनी हिशोब करून घ्या.
३. घर २००१ च्या आधीचं असेल तर मूल्यांकन अहवाल विक्रीआधीच काढा. इमारत पाडली गेली की मूल्यांकन अवघड होतं.
४. २४ महिने पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असतील, तर दस्ताची तारीख पुढे नेता येते का पाहा.
५. नवं घर, बॉण्ड की कर भरणं, हे आधी ठरवा. ६ महिने, २ वर्षं आणि ३ वर्षं या तारखा दस्ताच्या दिवसापासून मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा.
६. भाड्याचं उत्पन्न आजवर विवरणपत्रात दाखवलं नसेल तर सीएशी आधीच बोला. विक्रीची नोंद झाली की मागचे प्रश्नही निघतात.

सीएची फी वाचवण्यासाठी हा हिशोब टाळणाऱ्यांचं नुकसान बहुतेक वेळा फीच्या कितीतरी पट होतं. आणि प्रत्येकाने कर शून्यावर आणलाच पाहिजे असंही नाही. गरज नसलेला फ्लॅट केवळ कर चुकावा म्हणून घेतला, त्याचं भाडं आलं नाही आणि ३ वर्षं तो विकताही आला नाही, तर वाचलेला कर त्यातच जातो. पंधरा-वीस वर्षं भाडं देणाऱ्या खोल्यांचे पैसे एकदाच हातात येतात. त्या पैशांचं काय करायचं, हे आधी घरात सगळ्यांनी बसून ठरवलं की कराचा योग्य मार्ग निवडणं सोपं जातं.